क्लूडो घरच्यांसोबत खेळताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे भाचरं जमतात आणि दुपारी उन्हं उतरेपर्यंत क्लूडोचा पट जमिनीवर मांडलेला असतो. शेजारपाजारची मुलं येतात, त्यांचे आईवडील न्यायला येतात आणि तेही बसतात. दरवेळी तेच प्रश्न निघतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत, उत्तरं थोडी सविस्तर दिली आहेत.

हा खेळ नेमका काय आहे?

इंग्लंडमधल्या एका मोठ्या हवेलीत यजमान डॉ. ब्लॅक यांचा खून झाला आहे. घरात सहा पाहुणे आहेत, सहा हत्यारं आहेत आणि नऊ खोल्या. खून कोणी केला, कशानं केला आणि कुठल्या खोलीत केला, या तीन गोष्टी शोधायच्या. तिन्हींची उत्तरं पटाच्या मध्यभागी ठेवलेल्या बंद पाकिटात असतात. उरलेले पत्ते खेळणाऱ्यांच्या हातात. तुमच्या हातात जे आहे ते पाकिटात नाही, इतरांच्या हातात जे आहे तेही पाकिटात नाही. एकेक करून सगळं वगळलं की शेवटी उरतं ते उत्तर.

म्हणजे हा वजाबाकीचा खेळ आहे. नशीब फाशापुरतं, बाकी सगळं कान आणि पेन्सिल.

काही जण क्लूडो म्हणतात, काही क्लू. दोन्ही एकच का?

एकच. ब्रिटनमध्ये क्लूडो, अमेरिकेत क्लू. यामागची गोष्ट आपल्याला जवळची आहे. ‘क्लू’ म्हणजे धागादोरा, आणि त्याला जोडला ‘लुडो’. लुडो या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मी खेळतो’. पण इंग्रज माणसाला तो शब्द ऐकून आठवायचा तो लुडोचा खेळ, आणि तो खेळ आला आपल्या पच्चीसीवरून. कवड्यांऐवजी फासा घेऊन, पट सोपा करून इंग्लंडमध्ये १८९६ साली लुडोचं पेटंट घेतलं गेलं. अमेरिकेत मात्र पच्चीसीवरून आलेला खेळ ‘पार्चीसी’ या नावानं विकला जात होता, लुडो हे नाव घरोघरी पोचलेलं नव्हतं. तिथे ‘क्लूडो’मधली गंमत कोणाला कळली असती? म्हणून नुसतं ‘क्लू’. आजीला हा खेळ परका वाटत असेल तर तिला हे जरूर सांगा. सारीपाट खेळलेल्या बाईला नावातला अर्धा भाग तरी ओळखीचा निघतो.

अमेरिकेत आणखीही बदल झाले. डॉ. ब्लॅक तिथे मिस्टर बॉडी झाले, रेव्हरंड ग्रीन हे पाद्री साधे मिस्टर ग्रीन झाले. नियमांचा गाभा मात्र तोच.

कोणी शोधून काढला?

अँथनी प्रॅट या बर्मिंगहॅमच्या पियानोवादकानं. हॉटेलांत आणि बोटींवर पियानो वाजवणं हा त्याचा व्यवसाय. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडमध्ये मोठ्या घरांत पाहुणे जमले की संध्याकाळी ‘खुनी कोण’ हा खेळ रंगायचा. कोणीतरी अंधारात दबकत यायचं, दुसरं किंचाळून खाली पडायचं आणि मग सगळे मिळून शोध घ्यायचे. प्रॅटनं हे सगळं जवळून पाहिलेलं. मग दुसरं महायुद्ध आलं. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीनं रात्री दिवे झाकलेले, गाठीभेटी बंद, आणि प्रॅट रणगाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला. त्या दिवसांत त्यानं तो हरवलेला संध्याकाळचा खेळ एका पटावर उतरवला. पटाचा आराखडा त्याच्या पत्नीनं, एल्व्हा प्रॅट यांनी काढला. खोक्यावर त्यांचं नाव ठळक असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. आज आपण ज्या नऊ खोल्यांतून फिरतो, ते घर त्यांनी आखलेलं आहे.

पेटंटसाठी अर्ज गेला १ डिसेंबर १९४४ रोजी, मंजुरी मिळाली १९४७ मध्ये. सुरुवातीचं नाव होतं सरळ ‘मर्डर’. त्या मूळ रूपात दहा पात्रं होती आणि हत्यारांत कुऱ्हाड, बॉम्ब, विष, इंजेक्शनची सुई असंही होतं. लीड्सच्या वॅडिंग्टन्स कंपनीनं खेळ घेतला, पण युद्धानंतर कच्च्या मालाची इतकी टंचाई होती की बाजारात यायला १९४९ उजाडलं. तोवर पात्रंही कमी झाली, हत्यारंही.

प्रॅटला यातून गडगंज पैसा मिळाला का, असं मुलं हमखास विचारतात. नाही. १९५३ मध्ये त्यानं परदेशातले हक्क ५,००० पौंडांना कंपनीला देऊन टाकले आणि पुढे पेटंटची मुदतही संपली. १९९४ मध्ये तो वारला. इंग्लंडमधल्या ब्रॉम्सग्रोव्ह गावी त्याच्या थडग्यावर ‘क्लूडोचा जनक’ अशी नोंद आहे. ते ऐकल्यावर आमच्याकडची मुलं थोडा वेळ गप्प बसली होती.

खुनाचा खेळ मुलांच्या हातात द्यावा का?

हा प्रश्न पालक दबक्या आवाजात विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. माझं मत असं: या खेळात खून दिसत नाही, रक्त दिसत नाही, खुनाचं कारणसुद्धा कोणी सांगत नाही. राग, सूड, पैसा यांचा उल्लेखही नाही. दोरी, सुरा, पाना ही सगळी बोटभर लांबीची चिमुकली खेळणी. दहा मिनिटांत मुलं डॉ. ब्लॅकना विसरतात आणि त्यांच्यापुढे उरतं ते फक्त एक कोडं.

तरीही घरात नुकतंच कोणी गेलं असेल, किंवा मूल अशा गोष्टींनी रात्री घाबरत असेल, तर गोष्ट बदला. आमच्याकडे एका वर्षी ‘खून’ हा शब्दच काढून टाकला होता. प्रश्न केला: कोठीच्या खोलीतल्या डब्यातले बेसनाचे लाडू कोणी पळवले, कशाच्या मदतीनं, आणि कुठे बसून खाल्ले? हत्यारांच्या जागी स्टूल, शिडी, झारा, पिशवी, काठी, कंदील. खोल्यांच्या जागी कोकणातलं घर: ओटी, पडवी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, कोठी, न्हाणीघर, माडी आणि परसू. मोजून नऊ. खेळ तसूभरही बिघडला नाही, कारण गणित तेच राहतं.

याचीच मुलांसाठी काढलेली ज्युनियर आवृत्तीही मिळते. तिच्यात खुनाऐवजी तुटलेलं खेळणं, पळवलेला केक अशा खोड्यांचा तपास असतो.

किती वयापासून, किती जण, किती वेळ?

खोक्यावर वय आठ वर्षांपुढे लिहिलेलं असतं आणि ते बरोबर आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाच्या मांडीवर बसवून जोडीनं खेळवा. तीन ते सहा जण लागतात. माझ्या अनुभवानं चौघांत सगळ्यात छान रंगतो. तिघांत प्रत्येकाकडे इतके पत्ते येतात की उकल लवकर होते, आणि सहा जणांत आपली पाळी येईपर्यंत लहान मुलं कंटाळतात. पाऊण तास ते तास धरून चला.

डाव मांडायचा कसा?

पत्ते एकूण २१: सहा संशयित, सहा हत्यारं, नऊ खोल्या. तीन गठ्ठे वेगवेगळे पिसा. प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक पत्ता कोणीही न बघता पाकिटात सरकवा. उरलेले १८ पत्ते एकत्र पिसून वाटा. तिघांत सहा-सहा, सहा जणांत तीन-तीन असे सारखे येतात. चौघांत दोघांना पाच आणि दोघांना चार येतात, पाच जणांत तिघांना चार आणि दोघांना तीन. असमान आले म्हणून कोणी हिरमुसलं तर सांगा की कमी पत्ते म्हणजे इतरांनाही आपल्याबद्दल कमी शोधायचं असतं. पुढच्या डावात वाटणारा बदलला की फिटंफाट.

पहिली पाळी मिस स्कार्लेटची, म्हणजे लाल सोंगटीची, असा जुना नियम आहे.

पाकीट भरायचं काम घरातल्या सगळ्यात लहान मुलाला द्या. डोळे मिटून पत्ता सरकवताना त्याच्या चेहऱ्यावरचा गंभीर भाव बघण्यासारखा असतो.

अंदाज आणि आरोप यांत फरक काय? आमच्याकडे यावरूनच भांडण होतं.

बहुतेक घरांत यावरूनच होतं. अंदाज म्हणजे विचारणा. तुम्ही ज्या खोलीत शिरलात तीच खोली, आणि तुमच्या मनातला एक माणूस आणि एक हत्यार: “ग्रंथालयात, मिस स्कार्लेटनं, सुऱ्यानं.” नाव घेतलेली सोंगटी आणि हत्यार त्या खोलीत आणून ठेवायचं. मग तुमच्या डावीकडच्या माणसापासून सुरुवात होते. त्याच्याकडे तिन्हींपैकी एखादा पत्ता असेल तर तो गुपचूप फक्त तुम्हाला दाखवतो आणि तुमची विचारणा तिथेच संपते. नसेल तर “नाही” म्हणतो आणि प्रश्न पुढच्याकडे जातो. दोन किंवा तीन पत्ते असले तरी दाखवायचा एकच, आणि कोणता ते दाखवणारा ठरवतो. अंदाज कितीही वेळा करा, चुकला तरी नुकसान नाही.

आरोप मात्र डावात एकदाच. तिन्ही गोष्टी ठामपणे सांगायच्या आणि पाकीट उघडून एकट्यानं बघायचं. बरोबर असेल तर डाव जिंकलात. चुकलं तर पत्ते न बोलता परत पाकिटात, आणि तुमचं विचारणं संपलं. आरोप पटावर कुठूनही करता येतो की ठरावीक जागी जाऊन, हे आवृत्तीप्रमाणे बदलतं, म्हणून आपल्या खोक्यातला कागद एकदा मोठ्यानं वाचून काढा.

पत्ता असूनही कोणी “नाही” म्हणालं तर?

तर डाव मोडतो. मला या खेळातलं सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. इथे लपवायचं असतं, पण खोटं बोलायचं नसतं. प्रत्येक जण प्रत्येक वेळी खरं बोलतो या भरवशावर सगळ्यांची वही उभी असते. एका डावात माझ्या भाच्याच्या हातात पाना होता आणि त्याचं लक्ष खिडकीबाहेरच्या पतंगाकडे होतं. तो “नाही” म्हणाला. अर्ध्या तासानंतर तिघांच्या वह्यांत पाना पाकिटात असल्याचं लिहिलं गेलं होतं. पाकीट उघडलं तेव्हा त्यात पाना नव्हता. त्याला ओरडलो नाही, तो डाव रद्द केला आणि नवा मांडला.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. विचारणा झाली की उत्तर देणाऱ्यानं तिन्ही नावं स्वतःच्या तोंडानं पुन्हा म्हणायची, हातातले पत्ते एकदा नजरेखालून घालायचे आणि मगच “नाही” म्हणायचं. चूक लक्षात आलीच तर लगेच कबूल करायची, त्यासाठी शिक्षा नाही.

माझीच सोंगटी खुनी निघू शकते का?

हो. तुम्ही प्रोफेसर प्लमची सोंगटी चालवत असाल म्हणजे प्लम निर्दोष असं मुळीच नाही. सोंगटी फक्त चालण्यापुरती. लहान मुलांना हे पचायला वेळ लागतो, “पण मी नाही केलं!” म्हणून रडूही येतं. त्यांना आधीच सांगून ठेवा की आपण पोलीस आहोत आणि सोंगटी म्हणजे आपली गाडी. मोठ्यांनी हे विसरू नये: स्वतःच्या सोंगटीचं नाव यादीतून वगळून टाकल्यामुळे मी चांगल्या चांगल्या खेळाडूंना हरताना पाहिलं आहे.

एकूण शक्यता किती असतात?

सहा गुणिले सहा गुणिले नऊ, म्हणजे ३२४. पण पत्ते हातात आले की हा आकडा लगेच कोसळतो. समजा चौघांत तुम्हाला पाच पत्ते आले: दोन संशयित, एक हत्यार, दोन खोल्या. आता संशयित उरले चार, हत्यारं पाच, खोल्या सात. चार पंचे वीस, वीस साती एकशेचाळीस. एकही फासा न टाकता निम्म्याहून जास्त शक्यता गेल्या. पाढे पाठ असलेल्या मुलांना डावाच्या आधी हा हिशोब करायला लावा, त्यांना स्वतःलाच नवल वाटतं.

वहीत नोंद कशी करायची? मला दाखवलेल्या पत्त्यावर फुली मारतो, तेवढं पुरत नाही का?

नाही पुरत. नवखा खेळाडू फक्त स्वतःच्या पाळीला जागा असतो. दुसऱ्याच्या पाळीत तो पाणी प्यायला उठतो. खरं तर चौघांत चारातल्या तीन विचारणा दुसऱ्यांच्याच असतात, आणि त्यांतल्या “नाही” सगळ्यांना ऐकू येतात. दाखवलेला पत्ता एकालाच दिसतो, “नाही” मात्र सगळ्यांच्या मालकीचं असतं.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. तुमच्या डावीकडे ताई, मग बाबा, मग आई. तुमच्या हातात प्लम, मिसेस व्हाइट, दोरी, स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली. म्हणजे वरच्याच १४० शक्यता.

तुम्ही विचारता: मिस स्कार्लेट, सुरा, ग्रंथालय. ताई “नाही”. बाबा “नाही”. आई तुम्हाला सुरा दाखवते. नवखा माणूस सुऱ्यावर फुली मारून थांबेल. तुम्ही याहून जास्त लिहा: ताईकडे आणि बाबांकडे स्कार्लेटही नाही, ग्रंथालयही नाही.

आता ताईची पाळी: मिस स्कार्लेट, रिव्हॉल्व्हर, अभ्यासिका. बाबा “नाही”. आई ताईला काहीतरी दाखवते. तुम्हाला ते दिसलं नाही, तरी लिहा: आईकडे या तिघांपैकी किमान एक आहे. वहीत आईच्या रकान्यात तिन्ही नावांपुढे एकाच आकड्याची बारीक खूण करा.

मग बाबांची पाळी: मिस स्कार्लेट, शिशाची नळी, हॉल. आई “नाही”. तुमच्याकडेही यातलं काही नाही, तुम्हीही “नाही”. ताई बाबांना एक पत्ता दाखवते.

आता थांबा आणि वही बघा. स्कार्लेट ताईकडे नाही, बाबांकडे नाही, आईकडे नाही, तुमच्याकडे नाही. मग ती कुठे असणार? पाकिटात. खुनी सापडला, आणि तुम्हाला आत्तापर्यंत दाखवला गेलेला पत्ता फक्त एक.

इतकंच नाही. आईनं ताईला दाखवलेला पत्ता स्कार्लेट नव्हता, म्हणजे तो रिव्हॉल्व्हर किंवा अभ्यासिका. तसंच ताईनं बाबांना दाखवलेली नळी किंवा हॉल. हत्यारं उरली चार, खोल्या सात, म्हणजे अठ्ठावीस जोड्या. त्यांतून ‘रिव्हॉल्व्हर आणि अभ्यासिका’, ‘नळी आणि हॉल’ या दोन जोड्या बाद, कारण प्रत्येक जोडीतला एक पत्ता कोणाच्या तरी हातात आहे. उरल्या २६. एकशेचाळीसवरून सव्वीसवर, तीन विचारणांत.

आणि हेही लक्षात घ्या: स्कार्लेटबद्दलची चारही “नाही” सगळ्यांनी ऐकली. म्हणजे खुनी कोण हे या क्षणी चौघांनाही कळू शकतं. ज्यानं ऐकलं, लिहिलं, त्याला ते कळलं. जो पाणी प्यायला उठला होता तो अजून स्कार्लेटबद्दल विचारत बसेल.

वहीचा आराखडा कसा असावा?

खोक्यातला छापील कागद लहान पडतो. चौकटीची वही घ्या. डावीकडे २१ नावं, वरती प्रत्येक खेळणाऱ्याचा एक रकाना. कोणाकडे पत्ता नक्की आहे तिथे बरोबरची खूण, नक्की नाही तिथे फुली, ‘तिघांपैकी एक’ असेल तिथे आकडा. एखाद्याच्या रकान्यात त्याच्या पत्त्यांइतक्या बरोबरच्या खुणा झाल्या की बाकी सगळीकडे फुली मारून टाका. हे मोजणं बहुतेक जण विसरतात आणि अनेकदा डाव इथेच सुटतो.

स्वतःच्या हातातल्या पत्त्याबद्दल विचारलं तर चालतं?

चालतं, आणि ते खोटं बोलणंही नाही, कारण तुम्ही फक्त विचारता, दावा काही करत नाही. समजा तुम्हाला फक्त हत्याराचा माग हवा आहे. मग स्वतःच्या हातातला माणूस आणि स्वतःच्या हातातली खोली घ्या आणि हवं ते हत्यार विचारा. कोणी पत्ता दाखवला तर तो हत्याराचाच असणार. सगळे “नाही” म्हणाले तर ते हत्यार पाकिटात. इतरांना मात्र वाटतं की तिन्ही गोष्टी पाकिटात असाव्यात. ही युक्ती मुलं साधारण दहाव्या वर्षी आपली आपण शोधतात. कृपा करून त्यांना आधी सांगू नका. ती सापडल्यावर त्यांना होणारा आनंद त्यांच्याकडून हिरावला जातो.

गुप्त बोळांचा उपयोग काय?

पटाच्या चार कोपऱ्यांतल्या खोल्या तिरप्या जोडलेल्या आहेत: स्वयंपाकघरातून अभ्यासिकेत, काचघरातून बैठकीच्या खोलीत. फासा न टाकता एका पाळीत पलीकडे. खोली शोधणं हे सगळ्यात लांबचं काम, कारण विचारणा करायला तिथे पोचावंच लागतं. म्हणून बोळ हातचे सोडू नका. दुसऱ्याच्या विचारणेमुळे तुमची सोंगटी भलत्याच खोलीत ओढली गेली तर वैतागू नका, पुढच्या पाळीला त्याच खोलीत विचारणा करता येते का ते आपल्या नियमांत बघा. बहुतेक आवृत्त्यांत येते.

आजी-आजोबांना इंग्रजी नावं जड जातात. काय करावं?

नावांपेक्षा रंगांनी खेळा. पात्रांची रचनाच रंगांवर आहे: स्कार्लेट लाल, मस्टर्ड म्हणजे मोहरीचा पिवळा, ग्रीन हिरवा, पीकॉक मोरपंखी निळी, प्लम जांभळा, व्हाइट पांढरी. २०१६ साली निघालेल्या खोक्यांत मिसेस व्हाइटच्या जागी डॉ. ऑर्किड आली होती, ती गुलाबी. आजीनं “लालबाईनं पान्यानं जेवणघरात” म्हटलं की सगळ्यांना कळतं. वही मराठीतच आखा. लहानपणी राजा-राणी-चोर-शिपाईच्या चिठ्ठ्या खेळलेल्या माणसाला चोर ओळखणं नवं नसतं. तिथे चेहरा वाचायचा, इथे वही वाचायची. आमच्या आजीला चेहरेही वाचता येतात, त्यामुळे तिच्यासमोर पत्ता दाखवताना आम्ही पंख्याकडे बघतो.

पट नाही किंवा एखादा पत्ता हरवला. खेळता येईल?

येईल. नेहमीच्या पत्त्यांच्या कॅटमधून इस्पिकची एक्का ते छक्की घ्या, ते संशयित. बदामची एक्का ते छक्की, ती हत्यारं. चौकटची एक्का ते नव्वी, त्या खोल्या. झाले २१. कोणत्या पत्त्याचा अर्थ काय ते एका कागदावर लिहून मध्ये ठेवा. पट नसल्यामुळे चालणं नाही, खोली मनाला येईल ती विचारायची. डाव वीस-पंचवीस मिनिटांत होतो. प्रवासात, रेल्वेच्या बर्थवर आम्ही असाच खेळतो आणि खरं सांगायचं तर मोठ्यांसाठी मला हाच प्रकार जास्त पसंत आहे. मुलांना मात्र पट हवा. घरात फिरल्याशिवाय त्यांना तपास केल्यासारखं वाटत नाही.

दोघंच असलो तर?

दोघांत मूळ नियमांनी मजा नाही. समोरचा “नाही” म्हणाला की उत्तर जवळजवळ उघडच. आम्ही घरी असं करतो: १८ पत्त्यांचे सहा-सहाचे तीन वाटे करायचे आणि तिसरा वाटा पालथा ठेवायचा. प्रत्येक पाळीच्या शेवटी विचारणाऱ्यानं त्यातला कोणताही एक पत्ता उचलून बघायचा आणि परत ठेवून वाटा पिसायचा. कधी तोच तोच पत्ता पुन्हा येतो. तपासात असंही होतं, असं मुलांना समजावता येतं.

मुलानं घाईनं आरोप केला, चुकला आणि आता रडतंय.

त्याला डावातून उठवू नका. नियमानंही तो पूर्ण बाहेर जात नाही: त्याला इतरांच्या विचारणांना उत्तरं द्यायचीच असतात. शिवाय पाकिटात काय आहे हे आता फक्त त्यालाच माहीत असतं. त्याला ‘न्यायाधीश’ करा. डाव संपेपर्यंत ते गुपित सांभाळायचं आणि शेवटी पाकीट त्यानंच उघडायचं. आमच्याकडे एक आठ वर्षांची मुलगी यानंतर मुद्दाम लवकर आरोप करायला लागली, तेव्हा ‘आरोपाआधी वहीतल्या तिन्ही रांगा दाखवायच्या’ असा नियम करावा लागला.

हा खेळ मुरला की पुढे काय?

स्कॉटलंड यार्ड. १९८३ चा जर्मन खेळ, राव्हेन्सबुर्गर कंपनीचा, त्याच वर्षी जर्मनीत ‘वर्षातला सर्वोत्तम खेळ’ ठरलेला. लंडनच्या नकाशावर एक जण मिस्टर एक्स होऊन लपतो आणि बाकीचे गुप्तहेर मिळून त्याला घेरतात. तो टॅक्सीनं गेला, बसनं की भुयारी रेल्वेनं, एवढंच कळत राहतं. जागा तो ठरावीक खेळींनाच दाखवतो. त्यात सगळे एका बाजूचे असल्यामुळे क्लूडोत एकमेकांपासून वही झाकणारी भावंडं तिथे डोकं जोडून नकाशावर वाकतात. आधी क्लूडोचे दहा-बारा डाव होऊ द्या. “नाही” ऐकायची सवय लागलेली मुलं मिस्टर एक्सला फार लवकर पकडतात.